ओव्हन आणि इंडक्शन हॉब जुन्या वायरिंगला झेपतील का? मीटरपासून ओट्यापर्यंतची तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात १९९८ साली बांधलेली सोसायटी, तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, वायरिंग मूळचंच. स्वयंपाकघराचं काम काढलंय. गॅसच्या जागी ७.२ किलोवॅटचा चार झोनचा (चार भांडी ठेवायच्या जागांचा) इंडक्शन हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची विजेची शेगडी, आणि शेजारच्या कपाटात ३ किलोवॅटचा बिल्ट-इन ओव्हन बसवायचा आहे. डीबीत (घरातल्या स्विचांच्या मुख्य पेटीत) ३२ अँपिअरचा मेन, म्हणजे अख्ख्या घराचा मुख्य स्विच आहे, किचनच्या दोन पॉवर पॉइंटना मिळून २० अँपिअरचा एक एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे आणि बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट दिसतो. ट्रॉलीवाले म्हणतात, "पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे ना, मग चालतंय. एमसीबी पडला तर मोठा टाकू." यावर विश्वास ठेवावा का?

ठेवू नका. ओव्हन थोड्या कामात बसेल. हॉब मात्र आहे त्या वायरिंगवर पूर्ण ताकदीने चालणार नाही. एक तर त्याची ताकद सेटिंगमधून कमी करून घ्यावी लागेल, नाहीतर घराची जोडणी तीन फेजची (एका फेजऐवजी वीज आणणाऱ्या तीन वायरींची) करावी लागेल. "मोठा एमसीबी टाकू" असं जो म्हणतो, त्याला तुमच्या डीबीला हात लावू देऊ नका. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो, कारण या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. ट्रॉलीवाल्यांचाही यात फार दोष नाही. त्यांची सवय गॅसच्या हॉबची. त्याला वीज लागते ती ठिणगीपुरती.

आधी हिशेब. वॅटचा आकडा ब्रोशरमधून घेऊ नका. उपकरणाच्या खाली किंवा मागे चिकटवलेली प्लेट वाचा, दुकानातच उलटं करून दाखवायला सांगा. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. हॉबचे ७२०० वॅट म्हणजे ३१ अँपिअरपेक्षा थोडे जास्त. ओव्हनचे ३००० म्हणजे १३. दोन्ही मिळून ४४. अख्ख्या घराचा मेन ३२ चा आहे, हे इथे लक्षात ठेवा.

चारही झोन एकाच वेळी पूर्ण ताकदीने कोण चालवतं, असं यावर विचारलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांत विजेवर स्वयंपाक होतो. तिथे या सर्किटसाठी पहिले १० अँपिअर पूर्ण धरतात आणि उरलेल्याचे फक्त ३० टक्के. त्या रीतीने तुमचे ४४ अँपिअर साधारण २० वर येतात. इंटरनेटवर शोधलंत तर हाच हिशेब सापडेल आणि हायसं वाटेल. पण तिथल्या घराचा मेन फ्यूज बहुधा ६० ते १०० अँपिअरचा असतो, अनेक घरांत पाणी गॅसवर तापतं आणि एसी क्वचित असतो. आपल्याकडे सकाळी साडेसातला एका झोनवर कुकर, दुसऱ्यावर तवा, तिसऱ्यावर भाजी, चौथ्यावर दूध आणि त्याच वेळी बाथरूममध्ये गिझर सुरू असतो. मे महिन्यात संध्याकाळी गिझरची जागा एसी घेतो. म्हणून मी आपल्या घरांसाठी हॉब दोन तृतीयांश धरतो, ओव्हन पूर्ण धरतो आणि त्यात गिझर किंवा एसी यांपैकी जे एकत्र चालण्याची शक्यता आहे ते मिळवतो. तुमच्या बाबतीत २१ अधिक १३, गिझरचे ९, फ्रिज-दिवे-पंखे मिळून दोन-तीन. म्हणजे ४५ च्या आसपास. घराला हा आकडा झेपतो का, ते आता मीटरपासून बघत येऊ. वाटेत जो दुवा सगळ्यात कमजोर, तेवढीच सगळ्या वायरिंगची ताकद.

बिलावरचा मंजूर भार ही नुसती कागदी गोष्ट समजू नका. त्यावरूनच वीज कंपनी मीटर आणि सर्व्हिस केबल ठरवते. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, म्हणजे फक्त ओव्हनएवढे. खाली मीटर रूममध्ये जा आणि मीटरच्या तोंडावर काय छापलंय ते वाचा. "५-३०" किंवा "१०-६०" असे अँपिअरचे दोन आकडे असतात. दुसरा आकडा म्हणजे तो मीटर जास्तीत जास्त किती वाहू शकतो. जुन्या घरगुती मीटरवर तो बऱ्याचदा ३० च असतो. तसं असेल तर बाकी काहीही केलं तरी पूर्ण ताकदीचा हॉब आणि ओव्हन एकत्र चालणार नाहीत, हे तिथेच स्पष्ट होतं. मीटर बदलणं, भार वाढवणं ही कामं कंपनीची. तुमच्याकडे महावितरण, मुंबईत भागानुसार बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर. महाराष्ट्रात घरगुती सिंगल फेज जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंत मिळते, त्यापुढे तीन फेज. म्हणजे तुमचा ४५ चा हिशेब सिंगल फेजच्या कुंपणाबाहेर जातो.

मीटरपासून फ्लॅटपर्यंत वर येणारी केबल हा सगळ्यात विसरला जाणारा भाग. ती डक्टमध्ये असते, कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि किचनमध्ये नवीन वायर ओढणारा वायरमन तिच्याकडे बघायला खाली उतरतोच असं नाही. त्या काळातल्या इमारतींत चार स्क्वेअर एमएमची (हे वायरीतल्या धातूच्या छेदाचं क्षेत्रफळ, यापुढे नुसतं "चारची") तांब्याची किंवा सहा-दहाची ॲल्युमिनियमची केबल टाकलेली आढळते. चारची वायर पाइपातून गेलेली असेल तर कंपन्यांच्या तक्त्याप्रमाणे ती २४ ते २६ अँपिअर वाहते, आणि वर मेन ३२ चा. ही विसंगत जोडी जुन्या सोसायट्यांत मला सारखी दिसते. इतकी वर्षं काही झालं नाही, कारण घराने कधी ३२ अँपिअर ओढलेच नाहीत. हॉब आला की रोज ओढणार. केबल ॲल्युमिनियमची असेल तर तिची ताकद एक पायरी खालच्या तांब्याएवढी धरा. दहाचं ॲल्युमिनियम म्हणजे ढोबळमानाने सहाचं तांबं. जिथे ॲल्युमिनियम तांब्याला जोडलंय तो सांधा मुद्दाम उघडून बघायला लावा. दोन धातू नुसते पिळून जोडलेले असतील तर तिथे पांढरट थर धरतो आणि सांधा तापत जातो. तिथे बायमेटल लगच (दोन धातू जोडण्यासाठी बनवलेलं टोक) हवा.

आता डीबी आणि किचनची वायर. एक सूचना आधीच करतो: डीबीचं झाकण स्वतः उघडू नका. मेन बंद केला तरी मेनच्या वरच्या टोकाला, मीटरकडून येणाऱ्या बाजूला, वीज असतेच. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा आणि बघा.

वायर किती जाडीची आहे हे वरच्या आवरणावरून ठरवू नका. जुन्या वायरींचं आवरण जाड असतं आणि डोळा फसतो. आवरणावर छापलेलं वाचता आलं तर उत्तम. नाहीतर एमसीबीतून टोक सोडवून तारा मोजायच्या. बारीक तारांच्या वायरीत एक तार बहुधा ०.३ मिलीमीटरची असते. अशा २२ तारा असतील तर दीडची, ३६ असतील तर अडीचची, ५६ असतील तर चारची आणि ८४ असतील तर सहाची वायर. १९९८ च्या घरात मोजक्याच जाड तारांची वायरही निघेल. मग वायरमनकडच्या मायक्रोमीटरने एका तारेचा व्यास मोजायचा, त्यावरून एका तारेचं क्षेत्रफळ काढायचं आणि तारांच्या संख्येने गुणायचं. ज्यांचं घर याहून जुनं आहे, पेठेतला वाडा किंवा दादर-गिरगावची चाळ, तिथे ३/२२, ३/२०, ७/२० अशी गेजची भाषा ऐकू येईल. ३/२२ म्हणजे साधारण १.२ स्क्वेअर, ३/२० म्हणजे जेमतेम २ आणि ७/२० म्हणजे साडेचारच्या जवळ. "पॉवरची वायर आहे" असं सांगून दाखवलेली ३/२० आजच्या अडीचपेक्षाही बारीक असते. लाकडी बॅटन पट्टीवर, जुन्या तारेच्या किटकॅट फ्यूजमागे असलेल्या अशा वायरिंगवर ओव्हन लावायचा विचारच करू नये. तिथे मीटरपासून नवीन वायरिंग हाच पर्याय आहे.

तुमच्या किचनमध्ये २० चा एमसीबी आहे, म्हणजे बहुधा अडीचची वायर असेल. पाइपातून गेलेली अडीचची वायर १८ ते २० अँपिअर वाहते, चारची २४ ते २६, सहाची ३१ ते ३४, दहाची ४२ ते ४६. हे आकडे पाइपात एकच सर्किट असेल तेव्हाचे. त्याच पाइपातून दुसरं भरलेलं सर्किट जात असेल तर ताकद ८० टक्के धरायची, तिसरं असेल तर ७०. बांधकामाच्या वेळी पाइप वाचवायला सगळं एकातच कोंबलेलं असतं. शिवाय वरच्या मजल्यावरचे फ्लॅट, ज्यांचे पाइप गच्चीच्या स्लॅबमधून जातात, त्यांनी आणखी हात राखून ठेवावा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात तो स्लॅब दिवसभर भाजत असतो आणि साध्या पीव्हीसी वायरीचं तांबं ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं.

वायर बारीक असली तर नेमकं काय होतं? डीबीपासून ओटा पंधरा मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन तीस मीटर अडीचची वायर, तिचा रोध साधारण पाव ओहम. त्यातून ३० अँपिअर गेले तर दोनशे वॅटच्या वर उष्णता भिंतीच्या आत तयार होते, हॉब चालू असेल तितका सगळा वेळ. तीच वायर सहाची असेल तर ही उष्णता ९० वॅटच्या खाली येते. म्हणूनच जाड वायरीचे जास्त पैसे मोजायचे.

एमसीबी असतो तो ही वायर वाचवायला. ओव्हन किंवा हॉब वाचवणं हे त्याचं काम नाही. वायर जितकं सोसते त्याच्या आत तो पडला पाहिजे. म्हणून आधी उपकरणावरून वायर ठरते आणि वायरीवरून एमसीबी. मोठं उपकरण आणलं म्हणून नुसता एमसीबी मोठा करणं म्हणजे वायरीचं एकमेव संरक्षण काढून घेणं. तो पडतो कसा तेही समजून घ्या. त्याच्यावर लिहिलेला आकडा ओलांडला की लगेच पडतो असा समज आहे, तो चुकीचा. मानकाप्रमाणे आकड्याच्या १.१३ पटीला तो तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर बिनतक्रार तासभर जाऊ देतो. अडीचच्या वायरीची कुवत १८ धरली तर ३६ म्हणजे दुप्पट, आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. एमसीबी शांत बसलेला असतो आणि आत आवरण भाजत असतं. असं एक घर मी उघडून पाहिलंय. किचनचा एमसीबी सारखा पडतो म्हणून कोणीतरी २० च्या जागी ३२ चा बसवला होता. तक्रार आली ती सहा-आठ महिन्यांनी, "टाइल गरम लागते आणि माशासारखा वास येतो" अशी. टाइलमागच्या जंक्शन बॉक्समध्ये फेजच्या (वीज आणणाऱ्या वायरीच्या) सांध्याचं आवरण कोळसा झालं होतं. न्यूट्रलचं (परतीच्या वायरीचं) आवरण बोटाने वाकवलं तर वाळलेल्या पानासारखं तुटत होतं. घरात लहान मुलं होती. तो वास तुमच्या घरी कधी आला, तर प्लग-बटणाचं प्लास्टिक तापतंय असं समजा, मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत चालू करू नका.

त्यातून पुढचा मुद्दा निघतो तो सांध्यांचा. माझ्या पाहण्यात भर वायरीत जळण्यापेक्षा टोकाला जळणं कितीतरी जास्त. सैल स्क्रू, एका टर्मिनलमध्ये दाबलेल्या तीन वायरी, एका पॉइंटवरून दुसऱ्याला केलेलं लुपिंग. तुमच्या दोन पॉवर पॉइंटना एक एमसीबी आहे, म्हणजे बहुधा लुपिंग आहे. पॉइंटची प्लेट काढून मागे बघायला सांगा. आवरण तपकिरी पडलंय का, तांबं काळवंडलंय का, सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट कडा दिसते का.

सांधे तपासायची एक साधी पद्धत आहे, ती तुम्ही स्वतःही करू शकता. प्लगमध्ये बसणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. तो किचनच्या एका पॉवर पॉइंटला लावा आणि घरात मोठं काही चालू नसताना आकडा टिपा. मग त्याच सर्किटच्या दुसऱ्या पॉइंटवर दोन किलोवॅटची इंडक्शन शेगडी पाणी ठेवून लावा आणि पुन्हा बघा. चांगल्या वायरिंगवर सर्किटमध्ये दोन-अडीच आणि मीटरकडून येणाऱ्या केबलमध्ये तेवढेच, मिळून चार-पाच व्होल्ट उतरतील. आठ-दहा किंवा त्याहून जास्त उतरले तर वाटेत कुठेतरी सैल सांधा किंवा बारीक वायर आहे. शेगडी तशीच चालू ठेवून व्होल्टमीटर दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या एमसीबीवरच्या पॉइंटला लावा. तिथेही तितकाच उतार दिसला तर दोष डीबीच्या आधी, म्हणजे मीटरकडच्या केबलमध्ये किंवा मेनमध्ये. तिथे उतार कमी असेल तर दोष किचनच्या सर्किटमध्ये. अर्धा तास शेगडी चालल्यावर ती बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावा. कोमट चालतील. चटका बसला तर तो पॉइंट बदलायचा.

वायरमनकडून दोन मोजण्या करून घ्या. एक मेगरने (वायरीच्या आवरणातून गळती होते का हे मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशनची. ५०० व्होल्टला एक मेगओहमच्या वर यायलाच हवं, आणि चांगल्या वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी वर येतं. मेगर लावण्याआधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं प्लगमधून काढायला लावा. दुसरी मोजणी अर्थिंगची. ओव्हन हा धातूचा डबा आहे आणि त्याला हात लावणारा माणूस बऱ्याचदा ओल्या हाताचा, पाणी सांडलेल्या फरशीवर उभा असतो. पॉइंटच्या वरच्या मोठ्या भोकात हिरवी वायर लावलेली असणं एवढ्याने भागत नाही. ती खाली अर्थच्या खड्ड्यापर्यंत सलग गेली पाहिजे. काही घरांत ती डीबीत येऊन नुसती लोंबकळत असते, काही ठिकाणी नळाच्या पाइपाला बांधलेली असते. आता पाइप बदलून प्लास्टिकचे झाले, म्हणजे अर्थिंगही गेलं. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये पेटला म्हणून निर्धास्त होऊ नका, कमकुवत अर्थवरही तो पेटतो. लूप टेस्टरने (अर्थच्या वाटेचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) ओहम मोजायला सांगा.

त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. १९९८ च्या डीबीत तो बहुधा नसतो. तो बसवल्यावर पडायला लागला तर "काढून टाका" म्हणणारे भेटतील. पडण्याचं कारण जुन्या वायरिंगमध्ये निघतं: दोन सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो, किंवा न्यूट्रल आणि अर्थ एका बॉक्समध्ये चिकटलेले असतात. हे दोष आरसीसीबीने निर्माण केलेले नाहीत, फक्त दाखवून दिले. ते शोधून दुरुस्त करायचे.

आता तुमच्यापुढे मार्ग कोणते ते बघू. ओव्हनचं काम सोपं आहे. डीबीतून थेट स्वतंत्र चारची वायर, अर्थही स्वतंत्र, आणि २० चा एमसीबी. १३ अँपिअरला अडीचची पुरली असती, पण ओव्हन दीड-दोन तास सलग चालतो आणि टाइल एकदाच फुटणार आहेत, म्हणून चारची घाला. त्या वायरीवर दुसरा एकही पॉइंट नको. सॉकेट ओव्हनच्या थेट मागे घेऊ नका, तिथे गरम हवा कोंडते आणि ओव्हन पूर्ण आत सरकतही नाही. शेजारच्या कपाटात, हात पोचेल असा घ्या. परदेशी बनावटीच्या बऱ्याच ओव्हनना गोल दोन पिनांचा युरोपीय प्लग येतो. त्याला मल्टी-अडॅप्टर लावून चालवणं हा थेट आगीला दिलेला रस्ता आहे. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून १६ अँपिअरचा आपला तीन पिनांचा प्लग लावून घ्या, म्हणजे वॉरंटीचाही प्रश्न येत नाही.

हॉबसाठी पहिला मार्ग म्हणजे सिंगल फेजवर राहून त्याची ताकद बांधून घेणं. अनेक चार झोनच्या हॉबमध्ये एकूण ताकद मर्यादित करायची सोय असते, २.८, ३.५, ४.५ किलोवॅट अशा पायऱ्यांत. विकत घेण्याआधी पुस्तिकेत ती सोय आहे का बघा. नसेल तर तो हॉब तुमच्या घरासाठी नाही. ३.५ ला बांधला तर तो १५ अँपिअरच्या पुढे जाणार नाही. दोन भांडी मध्यम आचेवर किंवा एक जोरात, असं चालतं. चौघांच्या घराला हे पुरतं, जर कुकर एका वेगळ्या गॅस शेगडीवर ठेवायची तयारी असेल तर. ओव्हन धरून २८ अँपिअर, म्हणजे गिझर त्या वेळेला नको. यासाठीही भार वाढवून मागायला हवा, मीटर ३० चा असेल तर बदलून ४० अँपिअर सोसणारा हवा आणि वर येणारी केबल दहाची हवी. केबल डक्टमधून नवी ओढायची तर सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या.

दुसरा मार्ग तीन फेजचा. घरात दोन एसी, दोन गिझर आणि विजेवरच स्वयंपाक करायचा ठरलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: तीन फेज घ्या. बिलातला स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त पडतो, नवी चार वायरींची केबल आणि नवा डीबी लागतो. पण एकदा केलं की पुढे गाडी चार्ज करायची वेळ आली तरी पाया तयार असतो. हॉबला दोन फेज मिळतात, प्रत्येकी साधारण १६ अँपिअर, ओव्हन तिसऱ्या फेजवर. प्रत्येक फेजवर गिझर-एसी कसे वाटायचे हे कागदावर आखून डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा. तीन फेजमध्ये न्यूट्रल सैल होणं फार महागात पडतं, कारण मग एखाद्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशे व्होल्टच्या पुढे जाऊ शकतात आणि फ्रिज-टीव्ही मिनिटांत जातात. म्हणून न्यूट्रलचा स्क्रू कसलेला आहे का हे जातीने बघा आणि जास्त व्होल्टेजला तोडणारं संरक्षण मेनला बसवून घ्या.

हॉबच्या पोटातलं टर्मिनल ही जागा मी स्वतः बघितल्याशिवाय झाकण लावू देत नाही. तिथे पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात. सिंगल फेजवर जोडताना त्या पट्टीने फेजची दोन टर्मिनल एकत्र करायची असतात, दोन फेजवर जोडताना तीच पट्टी काढायची असते. काढायची राहिली आणि दोन फेज दिले तर फेज-फेज शॉर्ट होतो. कुठली पट्टी कुठे याची आकृती हॉबच्या तळाला चिकटवलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. सिंगल फेजवर पूर्ण ताकद द्यायचीच असेल तर डीबीपासून दहाची वायर, ४० चा एमसीबी आणि त्याच क्षमतेचा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) लागेल. तुमच्या घरात तो सगळा मेनच खाऊन टाकेल, म्हणून मी तो सुचवत नाही. ३.५ किलोवॅटला बांधलेल्या हॉबला चारची वायर आणि २० चा एमसीबी चालतो. तरी भिंतीत सहाची घालून ठेवा. डीपी स्विच हॉबच्या डोक्यावर नको, बाजूला घ्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्या ज्वाळेवरून हात न नेता बंद करता आला पाहिजे. स्विचपासून हॉबपर्यंत उष्णता सोसणारी रबर किंवा सिलिकॉनची केबल घाला आणि ती हॉबच्या तळाला टेकणार नाही अशी बांधा.

कामाचा क्रम नीट ठरवा. वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज सगळ्यात आधी, कारण तिथे लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. त्याला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून वायरमनकडे परवाना आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा आणि त्याची प्रत मागा. मग डीबीपासून ओट्यापर्यंत २५ मिलीमीटरचे दोन वेगळे पाइप, एक हॉबचा आणि एक ओव्हनचा, टाइल लावण्याआधी. पाइप भिंतीत असताना, प्लास्टर व्हायच्या आधी, मोजपट्टी धरून फोटो काढा. ट्रॉलीवाले नंतर ड्रिल मारणार आहेत. जुन्या २० च्या सर्किटवर मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा फिल्टर एवढंच ठेवा.

ओव्हन पहिल्यांदा लावला, किंवा पावसाळ्यात महिनाभर बंद राहून पुन्हा लावला, की आरसीसीबी पडू शकतो. हीटरच्या आतली पावडर हवेतला ओलावा धरते आणि थोडी गळती होते. हे सर्व्हिसवाल्याला सांगा. तो हीटर मेगरने तपासेल आणि गरज पडल्यास कमी तापमानाला वाळवून देईल. तासाभरानेही पडतच राहिला तर हीटर सदोष आहे, तो वॉरंटीत बदलून घ्या. आरसीसीबी बायपास करून ओव्हन सुकवायला कोणी निघालं तर त्याला तिथेच थांबवा.